बारा नंबरचं रक्त

शहापूरच्या एसटी स्टँडवरून बाजारपेठेकडे वळलं की चपलांच्या दुकानावरच्या खोलीत माझं टायपिंगचं दुकान होतं. नव्वदीच्या सुरुवातीला तिथे सहा टाइपरायटर होते आणि सरकारी परीक्षेला बसणाऱ्या मुलींची ये-जा असे. पुढे कॉम्प्युटर आला, मुली हळूहळू गेल्या आणि त्यांच्या जागी संशोधक आले. मुली बऱ्या होत्या. निदान स्वतःच्या चुका स्वतः करत.

संशोधक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पांढरा कोट आणि काचेच्या नळ्या येतात. माझ्याकडे ते प्लॅस्टिकच्या पिशवीत हाताने लिहिलेले कागद घेऊन जिना चढत आणि खुर्चीवर बसायच्या आत सांगत की परवा सबमिशन आहे. कुणाला पदवी हवी असे, कुणाला बढती, कुणाला दारावरच्या पाटीवर नावाआधी दोन अक्षरं. विज्ञानाचे येत, वैद्यकाचे येत, व्यवस्थापनाचे येत. कुठेही जा, पळसाला पाने तीनच. सुरुवातीला विषय किती महत्त्वाचा आहे ते, मध्ये तक्ते, आणि शेवटी ‘या विषयावर अधिक संशोधनाची गरज आहे’. हे शेवटचं वाक्य मी इंग्रजीत आणि मराठीत इतक्या वेळा टाइप केलं की त्याची वेगळी फाइल करून ठेवली होती.

विज्ञानाच्या एका सरांनी दोन वर्षं खपून सिद्ध केलं होतं की काचेच्या पेटीत ठेवलेली भाजी उन्हात वाळते. मी घरी सांगितलं तेव्हा सासूबाई अंगणात आंबोशीसाठी कैरीच्या फोडी उन्हात पसरत होत्या. त्यांनी एवढंच विचारलं की त्या माणसाला पगार मिळतो का. व्यवस्थापनाचे एक सर तीन महिने मुरबाडच्या बाजारात पहाटे उभे राहून भाजीवाल्यांना प्रश्न विचारत होते. भाजीवाल्यांनी त्यांना खूप चहा पाजला. निष्कर्ष असा निघाला की लवकर आलेला माल लवकर विकला जातो. तो छापूनही आला.

एकदा या सरांचा ग्राहकांच्या समाधानावरचा लेख एका दवाखानेवाल्यांनी माझ्या टेबलावर पाहिला. त्यांनी सांगितलं, ढाचा असाच ठेवा, फक्त ‘ग्राहक’च्या जागी ‘रुग्ण’ करा. कॉम्प्युटरला एक हुकूम दिला की सगळीकडे एकदम बदल होतो. मी दिला. त्यामुळे ‘समाधानी रुग्ण पुन्हा पुन्हा येतो आणि येताना शेजाऱ्यांनाही घेऊन येतो’ असं वाक्य तयार झालं. मी ते खुणेने दाखवलं, पण त्यांना घाई होती. पुढे ते परिषदेत वाचून आले आणि लोकांना आवडलं म्हणून पेढे घेऊन आले.

अशा लोकांच्या सहवासात माझी सात-आठ वर्षं मजेत गेली. मी हसत असे आणि टाइप करत असे. हसणाऱ्याला वाटतं की आपण त्यातले नाही.

आमचं घर सापगावच्या रस्त्याला, आतल्या वस्तीत. पंचवीस-सव्वीस उंबरे. आमच्या तालुक्यात धरणं आहेत, धरणातलं पाणी मुंबईला जातं आणि मुंबईहून संशोधक येतात. त्यांनी आमच्या पोरांचे दंड मोजले, चुलींचा धूर मोजला, बायका दिवसात किती चालतात तेही मोजलं. मोजून झाल्यावर काय निघालं ते सांगायला कुणी परत आल्याचं मला आठवत नाही. वस्तीलाही त्याचं काही नव्हतं. दारी आलेल्याला रिकामं पाठवू नये हा आमच्याकडचा रिवाज, आणि जो उत्तरं मागायला आलाय त्याला उत्तर द्यायचं. आठवड्यातून किती वेळा पालेभाजी खाता, असं विचारलं तर सासूबाई आधी विचारत, शेजारी काय सांगितलं? मग तेवढाच आकडा सांगत, म्हणजे पाहुण्याचा घोळ नको.

वस्तीला एकच नळ होता आणि सकाळी तासभर पाणी येई. नळ आला त्या वर्षी प्रत्येक घराला नंबर मिळाला होता, तो तसाच चालू होता. सून आली, सासू गेली, तरी नंबर घराचा. कुणी मधे घुसत नसे. एखादी माहेरी गेली किंवा लावणीला गेली, तर तिचा नंबर शेजारीण धरी, म्हणजे आपला हंडा भरून झाला की तिचाही भरून तिच्या दारात ठेवी. नंबर धरला नाही तर ते घर त्या दिवशी कोरडं राही, म्हणून धरण्यात कधी कसूर होत नसे. आमचा नंबर बारा. मी सकाळी दुकानाला निघत असल्यामुळे पाणी थोरली जाऊ भरी. अकरा नंबर शेजारच्या मावशीचा. मावशी पन्नाशी ओलांडलेली, नवरा गेलेला, एकुलता एक मुलगा कसाऱ्याला रेल्वेत आणि तिथेच क्वार्टरमध्ये. मावशी एकटीच राही. नात्याने ती आमची कुणी नव्हती, पण माझी दोन्ही बाळंतपणं तिने काढली होती.

दोन हजार सालानंतर दोन-तीन वर्षांनी एक तरुण डॉक्टर आमच्या भागात आला. शहरातल्या कुठल्याशा कॉलेजात पुढचं शिकत होता आणि ग्रामीण भागातल्या बायकांच्या रक्तावर प्रबंध लिहीत होता. सरकारकडून लोहाच्या गोळ्या मिळतात, त्या नियमित घेणाऱ्या बायकांचं रक्त चांगलं असतं, एवढं त्याला दाखवायचं होतं. घरटी एक, पंधरा ते पंचेचाळीस वर्षांची बाई हवी होती. तो वस्तीवर आला, त्याने बुद्धविहारासमोर टेबल मांडलं, बायकांना ओळीने बसा म्हणाला. ओळीने म्हटल्यावर बायका नळाच्या नंबराने बसल्या, दुसरी ओळ त्यांना माहीतच नव्हती, आणि त्याने तेच नंबर कागदावर घेतले. हे मला सासूबाईंनी संध्याकाळी हसत हसत सांगितलं. कोणत्या दिवशीची गोष्ट ते मी लक्षात ठेवलं नाही. दुकानात कामं होती.

चार महिन्यांनी तोच डॉक्टर पिशवी घेऊन माझा जिना चढला. मुलगा वाईट नव्हता. हाताखाली काम करणाऱ्या बाईलाही मॅडम म्हणायचा, चहा मागवला तर दोन मागवायचा. त्याचा गाइड त्याला छळत होता, सबमिशनची तारीख डोक्यावर होती, आणि भारनियमनामुळे आमचं काम तुकड्या-तुकड्याने चाललं होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही आमच्या वस्तीच्या तक्त्यापर्यंत आलो. नावं नव्हती. नंबर, वय, मुलं, गोळ्या घेते का, आणि शेवटच्या रकान्यात रक्ताचा आकडा.

बारा नंबरशी तो थांबला. वय चौतीस, मुलं दोन, गोळ्या रोज घेते, आणि रक्त इतरांच्या निम्म्यानेही नाही.

“ही ओळ काढून टाका, मॅडम,” तो म्हणाला. “ही बाकीच्यांत बसत नाही. सरासरी खाली ओढते.”

मी कळ दाबली. ओळ गेली आणि कॉम्प्युटरने तेरा नंबरला आपोआप बारा केलं. आमच्या नळावर असं झालं असतं तर हंडे उडाले असते. इथे काहीच आवाज झाला नाही. पुढच्या पानावर एक वाक्य होतं, तेही मीच टाइप केलं. रक्त कमी आढळलेल्या सर्व महिलांना तसे कळवून पुढील उपचारांसाठी पाठवण्यात आले. पूर्णविराम दिल्यावर मी विचारलं की आता जिची ओळ काढली तिला कळवलं का. त्याने समजावून सांगितलं की नावं लिहून घ्यायचीच नसतात, गोपनीयतेचा नियम आहे, त्यामुळे कुणाला कळवणार? मग हे वाक्य? ते कमिटीला लागतं.

नियम चांगलाच होता. कोणतं रक्त कुणाचं आहे हे जगाला कळू नये म्हणून केलेला. त्यातून एवढंच झालं की जिचं रक्त तिलाही कळू नये.

तेवढ्यात वीज गेली आणि आम्ही चहा प्यायला बसलो. चहा पिताना माझ्या डोक्यात नळाची ओळ उभी राहिली. नऊ कोण, दहा कोण, अकरा मावशी. मावशीच्या घरात त्या वयाची बाईच नाही, म्हणून अकरा नंबर तक्त्यात कोरा सोडला होता. आणि बारा आम्ही. चौतीस वय, दोन मुलं. आमची थोरली जाऊ. डॉक्टरला हे मी सांगितलं नाही. घरची गोष्ट, बाहेरच्याला कशाला सांगायची?

आता जे मी केलं त्याची मला आजही लाज वाटते, म्हणून ते लपवत नाही. सरळ घरी जाऊन जावेला सांगायचं आणि दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात न्यायचं, एवढं सोपं काम होतं. पण मला वाटलं, सांगितलं तर ती घाबरेल. संशोधकांच्या संगतीत राहून मी त्यांची रीत उचलली होती, ज्याच्यावर काम चालू आहे त्याला काही सांगायचं नसतं. शिवाय दुकानात सबमिशनचा हंगाम होता. आठवडाभरात नेऊ म्हटलं, तोवर खाण्यापिण्याकडे बघू. मी खजूर आणला, गूळ-शेंगदाणे आणले, बीट आणलं, शेवग्याच्या पाल्याची भाजी रोज करायला लावली, आणि रविवारी कलेजी आणून सगळी तिच्याच ताटात वाढली. पोरं तोंडाकडे बघत राहिली. चौथ्या दिवशी जावेने मला बाजूला घेतलं आणि घराच्या कागदावर कुठे अंगठा हवाय का, असं स्पष्ट विचारलं.

पाणी भरणंही मी तिचं बंद केलं. जड उचलू नका, तुम्हाला थकवा दिसतो, एवढंच सांगितलं. मग नंबर कोण धरणार? मावशी दारातूनच म्हणाली, “मी भरीन गो तुमचं. तिला बसू दे.”

आणि ती भरू लागली. आधी स्वतःचा एक हंडा, मग आमचे तीन. मी रोज सकाळी एसटीला निघताना ती मला वाटेत दिसे. हंडा खाली ठेवून दगडावर बसलेली असे, ओठ पांढरे, छाती वरखाली होत असलेली. मी म्हणत असे, मावशी, जरा दम खा. ती हात हलवून जा म्हणे. दम लागायचं वयच आहे, असं मी समजून चालले. दिवसभर बायकांच्या रक्तावरचे तक्ते टाइप करणारी बाई मी, रोज सकाळी तिच्या शेजारून चालत जात होते.

असे अठरा दिवस गेले. जाऊ कलेजी खाऊन तुकतुकीत झाली होती आणि बसून बसून वैतागली होती. अठराव्या दिवशी डॉक्टरचा प्रबंध बांधून गेला, मला सवड मिळाली आणि मी तिला दवाखान्यात नेलं. बोटाला टोचलं, अर्ध्या तासात आकडा सांगितला. चांगला होता. माझ्यापेक्षाही चांगला. मी तपासणाऱ्या बाईशी वाद घातला, पुन्हा बघा म्हटलं, तिने पुन्हा पाहिलं आणि मला बाहेर बसायला सांगितलं. बाकावर बसून मी जावेला अखेर खरं सांगितलं. विहारासमोर रक्त घेतलं होतं ना, त्यात तुमचं फार कमी आलं होतं.

जाऊ माझ्याकडे वळली.

“माझं कवा घेतलं गो? मी तवा मुरबाडला होते, आयकडं. मावशीनं धरला ना माझा नंबर.”

मला आधी कळलंच नाही. तिलाही मी चेहरा का पाडला ते कळलं नाही, तिच्या लेखी ती नेहमीची गोष्ट होती. तिची आई सिद्धगडाच्या पायथ्याच्या गावात आजारी होती, ती चार दिवस गेली होती. मावशीने तिचे हंडे भरले होते आणि टेबलाजवळ बाराव्या नंबरला दंड पुढे केला होता. नाव विचारणारच नव्हते. वय विचारलं तेव्हा तिने जावेचं वय सांगितलं, कारण नंबर जावेचा. मुलं दोन. गोळ्या रोज घेते, असंही सांगितलं, शेजारणीचं नाव कशाला खराब करायचं? आणि समोर पन्नाशीपलीकडची, केस पिकलेली, हातापायाच्या काड्या झालेली बाई बसली असताना त्या पोराने मान वर न करता चौतीस लिहिलं. त्याला तेवढ्या बायका भरायच्या होत्या, पुन्हा फेरी मारायची नव्हती.

आम्ही रिक्षा करून घरी आलो. मावशी आमच्याच दारात हंडा ठेवत होती. सासूबाईंना सगळं सांगितलं तेव्हा त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्या एरवी म्हणींनी हसवत. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

त्याच दुपारी मावशीला त्याच दवाखान्यात नेलं. मघाच्याच तपासणाऱ्या बाईने आकडा पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि धावत डॉक्टरीणबाईंना बोलावून आणलं. त्यांनी मावशीला पडद्याआड नेलं आणि एकच प्रश्न विचारला. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जातं का? मावशी म्हणाली, वरीस झालं. कुणाला सांगितलं नाही? विचारलं नाय कुणी.

त्या मुलाच्या फॉर्मवर एकोणचाळीस प्रश्न होते. मी टाइप केलेत म्हणून माहीत आहे. पालेभाजी होती, चहा जेवणाआधी की नंतर हेही होतं. हा प्रश्न नव्हता.

मावशीला ठाण्याला हलवलं, रक्ताच्या बाटल्या लावल्या, कसाऱ्याहून मुलगा रजा टाकून आला. गाठ होती आणि पसरली होती. तिथल्या डॉक्टरांनी मुलाला सांगितलं की थोडी आधी आणली असती तर वेगळं काही करता आलं असतं. किती आधी, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात तो तरुण डॉक्टर प्रबंधाची जादा प्रत काढायला दुकानात आला. मी त्याला सगळं सांगितलं. माझा आवाज चढला होता. त्याने पूर्ण ऐकून घेतलं, त्याचा चेहरा उतरला, त्याला खरंच वाईट वाटलं, हे मी नाकारणार नाही. मग हळूच म्हणाला, “पण मॅडम, त्या तर वयोगटातच बसत नव्हत्या. म्हणजे ती ओळ काढली ते बरोबरच झालं.”

त्याचं म्हणणं पद्धतीला धरून होतं. आजही मला त्यात चूक काढता येत नाही, आणि आजही ते आठवलं की त्याच्या कानाखाली वाजवायला हवी होती असं वाटतं. त्याने प्रबंधाच्या आभाराच्या पानावर माझा उल्लेख केला होता, अचूक टंकलेखनाबद्दल. पुढे त्याला पदवीही मिळाली. मी प्रत काढून दिली, पिशवीत घालून दिली.

रविवारी जाऊ आणि मी ठाण्याला गेलो. वॉर्डात मावशी उशाला टेकून बसली होती, बाटल्यांमुळे चेहऱ्यावर जरा रंग आला होता. मी वाटेत ठरवून गेले होते, काय काय बोलायचं ते. की तुझा आकडा माझ्या डोळ्यांसमोर होता, मीच तो पुसला. की मला कळलं तेव्हाही मी माझ्याच घरचं माणूस धरून बसले. की तू मरायला टेकली होतीस आणि मी तुझ्याकडून तीन हंडे जास्तीचे भरून घेतले, अठरा दिवस. हे सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं.

पण मावशीने जावेचा हात धरला. तिला मुलाकडून सगळा प्रकार कळला होता आणि तिने तो आपल्या परीने समजून घेतला होता.

“माझं खराब रगत तुझ्या नंबराला लागलं गो,” ती जावेला म्हणाली. “मला ठावं नव्हतं. तुझ्या हंड्यात गढूळ पाणी भरल्यासारखं झालं. राग धरू नको.”

जाऊ रडायला लागली. मावशी तिच्या हातावरून हात फिरवत राहिली आणि मी शेजारी उभी राहून ऐकत होते. माफी मागायला मी आले होते. तिने ती मागून टाकली, तीसुद्धा माझ्याकडे नाही. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि आता पाणी कोण भरतं असं विचारलं. मी भरते, म्हणून सांगितलं. ते खोटं होतं, मी त्या आठवड्यात एकदाही नळावर गेले नव्हते, जाऊच भरत होती. मावशी समाधानाने मान हलवून म्हणाली, “माझाबी नंबर धर. मी येस्तवर.”

ती आली नाही. मी त्या भेटीनंतरच्या सोमवारपासून दुकान एक तास उशिरा उघडू लागले.